आडव्या केळीबागेचा फोटो: जाणकार आणि ऑनलाइन मंडळींनी मिळून जागा कशी शोधली

पार्श्वभूमी

जूनमधल्या वादळाने रावेर, यावल आणि मुक्ताईनगर पट्ट्यातल्या केळीबागा आडव्या होणं खानदेशात नवं नाही. ऐन कापणीला आलेली मृगबाग, म्हणजे मृग नक्षत्राच्या सुमारास लावलेली केळी, तासाभराच्या वाऱ्यात झोपते. घडाचं वजन खोडाला पेलत नाही, आणि वारा अडवायला बांधावर लावलेली शेवरीही कामी येत नाही. त्या वर्षीही असं वादळ येऊन गेलं होतं. चार-पाच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरू लागला. आडवी बाग, तिच्यात डोक्याला हात लावून बसलेला म्हातारा शेतकरी, मागे डोंगर. खाली मजकूर: रावेर तालुक्यातला शेतकरी, सगळं गेलं, पंचनाम्याला कोणी फिरकलं नाही, फूल ना फुलाची पाकळी द्या. आणि त्याखाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड.

मजकुरात गावाचं नावही होतं. त्या गावातल्या ओळखीच्यांना विचारलं तर उत्तर आलं, हा माणूस आमच्याकडचा नाही. पण पैसे जात होते. सुरत आणि पुण्यात असलेली खानदेशी माणसं अशा फोटोला लगेच पाघळतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही.

जळगावात अशा फिरत्या फोटोंची शहानिशा करणारा आमचा एक लहानसा गट आहे. दोन पत्रकार, काही कॉलेजची मुलं, एक निवृत्त भूगोल शिक्षक, भुसावळला रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले एक काका आणि केळीवर काम करणारा एक कृषी पदवीधर. गरज पडेल तेव्हा आणखी शे-सव्वाशे जण ऑनलाइन मदतीला येतात. ओळख उघड होऊ नये म्हणून या लिखाणात माणसांची आणि गावांची नावं गाळली आहेत. काही तपशीलही मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत.

अडचण

नेहमीचे उपाय तासाभरात संपले. फोटोवरून फोटो शोधला तर तोच फॉरवर्ड पुन्हा पुन्हा समोर येत होता. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, म्हणजे काढल्याची तारीख आणि जागा सांगणारी आतली माहिती पुसली गेलेली. गुगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ पासून भारतात आहे, पण शेतरस्त्यांवर त्याचा काय उपयोग! फोटोत पाटी नाही, दुकान नाही, गाडीचा नंबर नाही.

आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या. हा फोटो नक्की कुठला, आणि कधीचा. माणूस खरोखर रावेरचा आणि खरोखर अडचणीत असेल तर मदत त्याच्यापर्यंत पोचायला हवी होती. नसेल तर त्याच्या नावावर कोणीतरी दुकान मांडलं होतं, आणि ते त्याच्या कानावर घालायला हवं होतं. दोन्ही बाबतीत आधी तो सापडायला हवा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या मनात आला तोच: फोटो मोठ्या फेसबुक ग्रुपांवर टाकायचा आणि विचारायचं, कोणी ओळखतं का? सोपं, फुकट, झटपट. आमच्यातल्या निम्म्यांचं मत असंच होतं.

विरोध केला तो धुळ्याकडच्या एका सहकाऱ्याने. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली ती त्याच महिन्यात. आमच्या फोटोतला माणूस संशयित नव्हता हे खरं. पण चेहरा आणि ‘हा कोण?’ हा प्रश्न एकत्र सोडला की पुढचं आपल्या हातात राहत नाही. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतर रेडिट या ऑनलाइन चर्चास्थळावरच्या हौशी शोधकांनी फोटो ताडून एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच आरोपी ठरवलं होतं. त्याचा त्या स्फोटाशी काही संबंध नव्हता.

दुसरा पर्याय, गर्दी नकोच, जाणकारांनीच शोधावं. बेलिंगकॅटसारखे शोधगट २०१४ पासून हे काम करतात आणि ते किती चिकाटीचं आहे हे त्यांचं लिखाण वाचलेल्यांना माहीत आहे. उपग्रहाचा नकाशा उघडून गाव-शिवार डोळ्यांखालून घालत बसायचं. आमचे जाणकार तीन, त्यातल्या दोघांना चष्मा, आणि तिघांनाही संसार.

तिसरा पर्याय मधला होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘ग्राउंडट्रुथ’ नावाची पद्धत मांडली. जाणकार फोटो वाचतो आणि तीच जागा आभाळातून कशी दिसेल याचं साधं रेखाचित्र काढतो. शोधायच्या प्रदेशाचे चौकोन पाडायचे. ऑनलाइन मंडळींना फोटो नाही, फक्त रेखाचित्र आणि एकेक चौकोन द्यायचा. जुळतंय का, एवढंच विचारायचं. ज्या चौकोनांना जास्त होकार मिळतील ते जाणकाराने नीट बघायचे. बिनकामाचा मुलूख बाजूला सारण्याचं कष्टाचं काम वाटलं जातं, आणि निवाडा मात्र जाणकाराकडेच राहतो.

आम्ही हा तिसरा पर्याय घेतला. म्हाताऱ्याचा चेहरा गर्दीला दिसणारच नव्हता, हे त्याचं मुख्य कारण.

निर्णय होईपर्यंत एक गोष्ट मात्र घडून गेली. एका उत्साही स्वयंसेवकाने फोटो परस्पर चार-पाच गावगाड्याच्या ग्रुपांवर टाकला. संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या तालुक्यांतून छातीठोक उत्तरं आली. ‘हाऊ फोटो आमनाच गावना शे’ (हा फोटो आमच्याच गावचा आहे), असं अहिराणीत लिहिणारा तर शेतमालकाचं नाव, पोरं, सगळं सांगून मोकळा झाला. ते नाव असलेल्या आजोबांना रात्री सुरतहून नातेवाइकांचे फोन, काय झालं म्हणून. आजोबांकडे केळीचं एक खोडही नव्हतं. त्यानंतर खुल्या ग्रुपचा पर्याय पुन्हा कोणी काढला नाही.

फोटो वाचताना

जाणकारांनी प्रथम वेगवेगळं बसून आपापली निरीक्षणं लिहून काढली. एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. या घरच्या शिस्तीचा पुढे फार उपयोग झाला.

केळीवाल्या मुलाने वाण बघून ग्रँड नैन म्हटलं आणि लगेच पुढे लिहिलं, ‘यावरून काहीच ठरत नाही, ही आता सगळीकडे आहे.’ खऱ्या जाणकाराची खूण मला इथेच दिसली. त्याची नजर बागेपलीकडच्या तुकड्यावर होती. तिथे ठिबकच्या नळ्यांवर चार-चार पानांचा कापूस उभा होता. आपल्याकडे बागायती कापूस मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीला लागतो. कोरडवाहू असला तरी एवढासा कापूस बहुतेक जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच दिसणार. म्हणजे फोटो कुठल्याही वर्षाचा असो, तो जून किंवा त्याच्या आसपासचा.

रेल्वेच्या काकांनी फोटो मोठा करून डोंगराच्या पायथ्याशी असलेली बारीक काड्यांची रांग दाखवली. आम्ही सगळे तिला विजेचे खांब म्हणत होतो. काका म्हणाले, हे ओएचई मास्ट आहेत, रेल्वेच्या वरच्या तारांचे. प्रत्येकाला एकाच बाजूला आडवा हात आहे, आणि अंतरं कशी सारखी आहेत बघा. सरळ मार्गावर दोन मास्टांमधलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर ठेवतात. फोटोच्या रुंदीत किती मास्ट बसतात ते मोजून आणि मोबाइल कॅमेऱ्याचा साधारण कोन धरून त्यांनी रूळ अर्धा ते एक किलोमीटरवर असल्याचं काढलं. फोटो कातरलेला असू शकतो, म्हणून त्यांनी आकडा मुद्दाम सैल ठेवला. आणखी एक गोष्ट: उजवीकडे मास्ट दाटत गेले होते. म्हणजे रूळ कॅमेऱ्याला समांतर नाहीत, उजवीकडे लांब जातात.

शिक्षकांनी डोंगराची कड कागदावर उतरवली आणि सावली मोजली. इथेच वाद पेटला.

सावलीचा वाद

फोटोत शेततळ्याच्या कुंपणाच्या खांबांची सावली डावीकडे पडली होती, आणि किंचित कॅमेऱ्याच्या दिशेने झुकलेली होती. मुलांचं गणित सरळ होतं. भारत उत्तर गोलार्धात, सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेकडे झुकते. ती कॅमेऱ्याकडे येतेय, तर कॅमेरा उत्तरेला आणि त्याचं तोंड दक्षिणेला. म्हणजे मागचे डोंगर दक्षिणेकडचे, अजिंठा-सातमाळ्याची रांग. म्हणजे पाचोरा-चाळीसगाव पट्टा. तिथूनही विद्युतीकरण झालेली भुसावळ–मनमाड लाइन जाते, तिच्या दक्षिणेला डोंगर आहेत, गिरणेच्या पाण्यावर केळीही आहे. सगळं चपखल. मुलांनी त्या पट्ट्याचे चौकोन पाडायलाही घेतले होते.

शिक्षकांनी त्यांना थांबवलं. त्यांचा मुद्दा असा: रावेर साधारण २१.२ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणून शाळांमधून खांब रोवून तो साजरा होतो. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेला सरकतो, २३.४ अंशांपर्यंत जाऊन परत फिरतो आणि जुलैच्या मध्याला पुन्हा डोक्यावर येतो. मधले सात आठवडे तो दिवसभर आपल्या उत्तरेलाच असतो. त्या काळात इथली सावली सकाळी असो, दुपारी असो, झुकणार ती दक्षिणेकडे.

कापूस सांगतोय फोटो जूनचा. म्हणजे कॅमेऱ्याकडे झुकलेली सावली दक्षिणेकडे झुकलेली आहे. कॅमेरा दक्षिणेला, त्याचं तोंड उत्तरेला, डावीकडे पश्चिम, वेळ सकाळची. मागचे डोंगर सातपुडा. रूळ उजवीकडे, म्हणजे ईशान्येला लांब जाणारे. भुसावळहून सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा करत बऱ्हाणपूरकडे जाणारी लाइन अशीच जाते.

गंमत अशी की दोन्ही चित्रं एकमेकांची आरशातली रूपं होती. सावलीखेरीज फोटोतली एकही खूण त्यांना वेगळं करत नव्हती. आणि सावलीचा अर्थ ठरत होता कापसाच्या चार पानांवर. मुलांचा नियम पुण्या-मुंबईकडेही वर्षातले बरेच महिने चालतो, म्हणून तर तो तोंडपाठ असतो. शिक्षक आणि केळीवाला आधीच एकत्र बसले असते तर कदाचित एकाने दुसऱ्याला ओढून नेलं असतं. त्यांनी वेगवेगळं लिहिलं होतं, म्हणून दोन स्वतंत्र पुरावे एका ठिकाणी येऊन मिळाल्याची खात्री वाटली. तरी आम्ही पाचोऱ्याचा पट्टा रद्द केला नाही. तापीकाठ आधी, तिथे काही मिळालं नाही तर गिरणाकाठ, असा क्रम लावला.

रेखाचित्र आणि चौकोन

रेखाचित्र काढायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न पडला, त्यात काय घालायचं? मुलांनी केळीचा तुकडा, कापसाचा तुकडा, सगळं काढलं होतं. केळीवाल्याने ते खोडलं. उपग्रहाचं छायाचित्र दोन वर्षांपूर्वीचं असेल तर तिथे तेव्हा हरभरा असेल. पीक बघू नका, विहीर बघा. शेवटी चित्रात एवढंच राहिलं: वर तिरका रूळ, त्याला जवळपास काटकोनात येणारा शेतरस्ता, रस्त्याच्या पश्चिमेला गोल विहीर, पूर्वेला काटकोनात दोन पत्र्याची शेडं आणि त्यांच्या खाली शेततळं. शेततळ्याखाली आम्ही ‘नसलं तरी चालेल’ असं लिहिलं, कारण फोटोत त्याचं प्लास्टिक कोरं करकरीत दिसत होतं. तळं नवं असेल तर जुन्या छायाचित्रात ते मिळणार नाही.

पुढचा निर्णय हद्दीचा. मजकुरात रावेर तालुका लिहिलं होतं, आणि गटातल्या बऱ्याच जणांना राज्याच्या सीमेवर थांबायचं होतं. महाराष्ट्राचे गावनकाशे महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, गट नंबर लगेच कळतो, पलीकडे मध्य प्रदेशात सगळं वेगळं. पण ज्या मजकुरातलं गाव खोटं निघालं, त्याच मजकुरातल्या तालुक्यावर विश्वास कशाला ठेवायचा? बऱ्हाणपूर जिल्हाही केळीचाच. भुसावळ ते बऱ्हाणपूर हे जवळपास ५५ किलोमीटर, रुळाच्या दक्षिणेला दीड किलोमीटर रुंद पट्टा, अर्धा किलोमीटर बाजूचे चौकोन. सव्वातीनशेच्या आसपास भरले. सरळ रेषेत शोधणाऱ्याला हे फार नाही असं वाटेल. एकट्याने पन्नास चौकोन बघून दाखवावेत, एकावन्नाव्याला प्रत्येक शेड ओळखीचं वाटायला लागतं.

प्रत्येक चौकोन तीन वेगवेगळ्या माणसांकडे जाईल आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली. साधा ऑनलाइन फॉर्म आणि गुगल अर्थची चित्रं, इतकंच साहित्य. नंदुरबार आणि धुळ्याची कॉलेजची मुलं, सुरतचे दोन-तीन कापड दुकानदार, नाशिकला नोकरी करणाऱ्या एक ताई, अशी मंडळी रात्री जेवणं उरकून बसायची. काय शोधतोय हे त्यांना ठाऊक होतं, कोणाला शोधतोय हे नव्हतं.

फॉर्ममध्ये ‘जुळतं’ आणि ‘जुळत नाही’ असे दोनच पर्याय होते. पहिल्या रात्रीच दिसलं की लोक होकाराकडे झुकतात. चुकून खरी जागा आपल्या हातून निसटली तर, या भीतीने. दुसऱ्या दिवशी ‘सांगता येत नाही’ हा तिसरा पर्याय घातला आणि होकार देणाऱ्याला ‘कोणत्या तीन गोष्टी जुळल्या?’ असं विचारलं. होकार झपाट्याने उतरले.

तिघांनीही होकार दिलेले चौकोन मोजकेच निघाले. जाणकारांनी ते उघडले. बहुतेक ठिकाणी विहीर रस्त्याच्या चुकीच्या बाजूला होती. रावेरजवळचा एक चौकोन हुबेहूब वाटला आणि तिघेही खूश झाले. मग शिक्षकांनी गुगल अर्थमध्ये त्या जागी जमिनीवर उभं राहून दिसणारी सातपुड्याची कड फोटोवर ठेवली. फोटोतला सपाट माथ्याचा डोंगर तिथून दिसायलाच नको होता. सर्वांत शेवटी राहिलेला चौकोन सीमेपलीकडचा निघाला, बऱ्हाणपूर जिल्ह्यातला. कड जुळली, विहीर जुळली. शेडं मात्र निळ्या रंगीत पत्र्याची दिसत होती, आणि फोटोत होती जुन्या गंजक्या पत्र्याची.

शिवारात

निळं शेड हाच खरा धागा ठरला. गुगल अर्थमधली त्याच जागेची मागची छायाचित्रं क्रमाने लावली. सर्वांत जुन्यात शेततळं नाही आणि पत्रा गंजका. त्यानंतरच्यात शेततळं आहे आणि पत्रा गंजकाच. मग निळा. फोटोत नवं शेततळं आणि गंजका पत्रा दोन्ही होते, म्हणजे तो मधल्या काळातला, किमान दोन वर्षं जुना. या वर्षीच्या वादळाचा तो नव्हताच.

तरीही पडद्यावरच्या जुळणीवर थांबायचं नाही असं ठरलं. काका आणि केळीवाला मोटरसायकलवरून तिथे गेले. रस्त्यावर उभं राहून त्यांनी फोटोतल्या दोन जोड्या पकडल्या: विहिरीचा कठडा एका मास्टच्या बरोबर खाली येतो ती रेषा, आणि कडुलिंबाचं खोड सपाट डोंगराच्या डाव्या टोकाखाली येतं ती रेषा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे फोटो काढणारा उभा असणार. ती जागा शेताच्या बांधावर, पंपाच्या पेटीशेजारी निघाली. तिथून मोबाइल धरला तर चौकट बसली, फक्त बागेच्या जागी या वर्षी तूर होती.

शेडातून एक तरुण बाहेर आला. भाऊ, कोण हवंय? म्हाताऱ्याचा पुतण्या तो. त्याने चहा ठेवायला सांगितला आणि फोटो बघून म्हणाला, हा तर मीच काढला होता, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, त्यानंतर आज बघतोय. फोटोतल्या म्हाताऱ्याची, म्हणजे त्याच्या काकांची, तब्येत ठणठणीत होती. ते बाजारात गेले होते.

निष्पत्ती

क्यूआर कोडशी त्या घराचा काही संबंध नव्हता. पुतण्याने तसं लेखी दिलं. ते, मूळ फॉरवर्ड आणि कोडचा तपशील घेऊन राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली. ज्यांनी पैसे पाठवले होते त्यांच्यापैकी जे सापडले त्यांना १९३० या हेल्पलाइनचा नंबर दिला. आमच्याकडून खुलासा गेला तो चार ओळींचा: फोटो रावेर तालुक्यातला नाही, या वर्षीचा नाही, फोटोतल्या कुटुंबाने मदत मागितलेली नाही, त्या कोडवर पैसे पाठवू नका. गाव, जिल्हा, शेताचे अक्षांश-रेखांश, काही दिलं नाही. काहींनी पुरावा मागितला. तो पोलिसांकडे आणि दोन संपादकांकडे होता, तेवढा पुरे. या लिखाणात जिल्हा येतोय तो कुटुंबाने वाचून हरकत नसल्याचं सांगितलं म्हणून.

एक बोचरी गोष्ट राहिली. त्या वर्षी रावेरमध्ये खरोखर बागा पडल्या होत्या आणि आमचा खुलासा काही ग्रुपांवर ‘वादळाचे फोटो खोटे’ अशा तीन शब्दांत फिरला. ज्यांचे पंचनामे खरोखर रखडले होते त्यांना त्याचा ताप झाला.

पुन्हा करायचं झालं तर

खुलाशाची पहिली ओळ ‘वादळ खरं, हा फोटो त्याचा नाही’ अशी हवी होती. चार ओळींत ती पाचवी बसली असती.

सीमेपलीकडचा माणूस सुरुवातीपासून गटात हवा होता. आम्ही चौकोन पाडले, पण तिकडचं कोणी नसल्यामुळे गावापर्यंत पोचायला उगाच वेळ गेला. गट नंबराची सवय असलेल्यांना तिकडच्या खसऱ्याच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या, कागदात वाट सापडेना. बऱ्हाणपूरला मराठी बोलणारी माणसं काही कमी नाहीत, विचारलं असतं तर कोणीही आलं असतं.

सावलीच्या बाबतीत मतभेद आहेत. मुलांचं म्हणणं, दोन्ही पट्टे एकदमच गर्दीला द्यायला हवे होते. जाणकारांचा तर्क चुकला असता तर आठवडा वाया गेला असता. शिक्षकांचं म्हणणं, मग जाणकार कशाला ठेवलेत? मला मुलांचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. चौकोन दुप्पट झाले असते तर रात्री बसणारी मंडळी तेवढीच राहिली असती, आणि तिघांऐवजी दोघांच्या मतावर भागवावं लागलं असतं. पुढच्या वेळी दुसऱ्या पट्ट्यातले थोडे चौकोन पहिल्या पट्ट्यात मिसळून द्यायचं ठरलं आहे. त्यात आमच्या माहितीतली, उत्तर ठाऊक असलेली काही शिवारंही टाकायची, म्हणजे कोणाची नजर किती पक्की हे कळेल. त्यासाठी यावल आणि भडगावकडच्या शेतांची रेखाचित्रं काढायला मुलांनी घेतली आहेत.